लहरींचे हेलकावे आणि शिरूरचा पत्र्याचा डबा



माझे लहानपण दौंडास रेल्वेच्या चाळीत गेले. वडील मालगाडीवर गार्ड होते. घरातला रेडिओ भिंतीवरच्या फळीवर असे, आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता त्याच्यासमोर आमच्या घरची व शेजारची मिळून दहाबारा माणसे बसत. सिलोनचे केंद्र लावावयाचे काम वडिलांचे. ते केंद्र लागे खरे, पण स्थिर राहत नसे. गाणे ऐन रंगात आलेले असावे आणि आवाज हळूहळू मागे सरावा, पार भिंतीपलीकडे गेल्यासारखा वाटावा, मग पुन्हा जवळ यावा. जवळ येताना त्याचा रंगही पालटलेला असे. एखाद्या पोकळ नळीतून कोणी गात आहे असा भास होई. वडील उठून एरिअलची तार हलवीत. आई म्हणे, "अहो, राहू द्या, येईल परत." आणि तो येईच. आम्ही मुले म्हणत असू की सिलोन श्वास घेते आहे.

ह्या श्वासाची गोष्ट मी आज सांगणार आहे. ती दौंडाहून निघून जपानला जाते, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत डोकावते, आणि शेवटी शिरूरला माझ्या भाच्याच्या टेबलावरील एका पत्र्याच्या डब्यापाशी येऊन थांबते. तो डबा गिटारच्या आवाजास हेलकावे देतो, आणि ते हेलकावे कसे द्यावयाचे हे त्यास आगाऊ लिहून ठेवता येते. वादक त्यास पेडल म्हणतात, कारण तो जमिनीवर ठेवून पायाने चालवावयाचा असतो.

प्रथम सिलोनविषयी. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी होते. त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सिलोनच्या लघुलहरींवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे १९५७ मध्ये विविध भारती निघाली, तरी बुधवारची सवय काही मोडली नाही. एका मराठी गृहस्थांच्या अभिजाततेच्या आग्रहामुळे महाराष्ट्रातील घराघरांत हे हेलकावे शिरावेत, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

आता हे हेलकावे येतात कशामुळे? लघुलहरी जमिनीलगत फार दूर जात नाहीत. त्या वर जातात आणि आकाशातील विद्युद्भारित थरावरून परतून खाली येतात. परंतु एकाच केंद्रातून निघालेल्या लहरी एकाच वाटेने येतात असे नाही. एखादी एका उडीत येते, एखादी दोन उड्यांत. कोणी खालच्या थरावरून परतते, कोणी वरच्या. दोन वाटांनी आलेल्या लहरींचे माथे जुळले की आवाज वाढतो. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर पडला की त्या एकमेकींस खाऊन टाकतात. थर स्वस्थ नसल्यामुळे हे जुळणे आणि फिसकटणे अखंड चालू राहते. १९२४ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी बीबीसीच्या बोर्नमथ येथील प्रक्षेपकाच्या साहाय्याने ह्याच चढउतारांचा अभ्यास केला व तो थर खरोखर अस्तित्वात आहे हे सिद्ध करून दाखविले. १९४७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दोषापायी आमची गाणी बुडत, त्याच दोषाच्या आधाराने आकाशाचा ठाव घेतला गेला होता.

जपानमध्येही एक मनुष्य रेडिओजवळ कान लावून बसला होता. त्यांचे नाव फुमिओ मिएदा. १९६० च्या दशकात ते शिन-एई नावाच्या कंपनीसाठी वाद्यांना जोडावयाची विद्युत-उपकरणे तयार करीत. समुद्रापलीकडून येणारी मॉस्को नभोवाणी त्यांस ऐकू येई, आणि तिचा आवाज आमच्या सिलोनप्रमाणेच मागेपुढे झुले. आमच्या वडिलांनी एरिअल हलविली. मिएदांच्या मनात आले की हा आवाज मुद्दाम काढता आला तर! त्यांनी काय केले ते ऐकण्याजोगे आहे. एका लहान दिव्याभोवती त्यांनी चार प्रकाशग्राही घटक बसविले. हे घटक असे, की उजेडात त्यांतून वीज सहज वाहते आणि अंधारात अडते. दिवा मंदपणे उजळतो व मंदपणे विझू लागतो. त्याबरोबर ते चारही घटक गिटारच्या ध्वनिलहरींस थोडे थोडे मागे सारतात. आणि अशा रीतीने मागे सारलेला आवाज मूळ आवाजात पुन्हा मिसळला जातो. माथ्यावर माथा, नाहीतर माथ्यावर खळगा. मॉस्को ते तोकिओ ह्या अंतरात आकाश जे करी ते आता एका पेटीत होऊ लागले. ह्या उपकरणाचे नाव युनि-व्हाइब. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्स याने ते वाजविले आणि ते जगभर झाले.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचेच काम पडणार आहे. युनि-व्हाइबच्या सोबत पायाखाली ठेवण्याची एक फळी असे. ती दाबली की दिव्याचा वेग बदले. सिलोनचा श्वास कोणाच्या हाती नव्हता. मिएदांनी तो वादकाच्या पायाखाली आणून ठेवला.

मिएदांच्या आधीही कित्येकांनी हा उद्योग केला होता. अमेरिकेत डॉन लेस्ली यांनी १९४० च्या सुमारास ऑर्गनसाठी असा ध्वनिक्षेपक तयार केला की ज्याचे भोंगे आतल्या आत गरगर फिरत. दौंडच्या फलाटावर न थांबता निघून जाणारी मेल ज्याने पाहिली आहे त्यास त्याचे मर्म सांगावयास नको: इंजीन जवळ येईतो शिटीचा स्वर चढा, आणि पुढे गेले की तोच स्वर उतरलेला. लेस्लींनी इंजीन न पळविता शिटीच फिरविली इतकेच. डीआर्मंड कंपनीने १९४० च्या दशकात गिटारसाठी जे उपकरण काढले ते तर याहून मजेचे. त्यात एका लहानशा बाटलीत वीज वाहून नेणारे द्रव असे. मोटार ती बाटली हलवी, द्रव हिंदकळून आतील तारेस लागे व सुटे, आणि तसतसा आवाज कमीजास्त होई. मग १९६९ मध्ये हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर व टेअर यांनी एक नामी युक्ती शोधली. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात. तसा ध्वनीचा एकेक घोट एका सूक्ष्म घटकातून दुसऱ्यात ओतीत न्यावयाचा. रांग जितकी सावकाश चालेल तितका आवाज उशिरा पोचेल. ह्या युक्तीचे नावच मुळी 'बादल्यांची रांग' असे पडले, आणि तिच्या जोरावर १९७६ साली बॉस कंपनीचे कोरस पेडल निघाले. मूळ आवाजात किंचित उशिरा येणारी व झुलणारी त्याचीच प्रतिकृती मिसळली म्हणजे एक गिटार दोघे वाजवीत आहेत असे वाटते, ते हे.

आपल्या देशी वाद्यांस हा विचार परका आहे काय? मला तसे वाटत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात; त्या धाग्याने स्वराचा सारा रंग पालटतो. एका दमडीच्या सुताने साधलेला हा परिणाम कोणत्याही पेडलच्या तोडीचा आहे. जोगत्यांच्या चौंडक्याची तार ताणावी व सैल सोडावी तसतसा स्वर वर जातो, खाली येतो. शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंडकडे येताना चौफुला लागतो. तेथील कलाकेंद्रांतून संगीतबारी ज्यांनी ऐकली असेल त्यांस ढोलकीचा घुमारा आठवेल. डावा तळवा चामड्यावर दाबीत सरकविला की तो खर्ज कसा वळून येतो! आणि शास्त्रीय गायनात तर दरबारीच्या गांधारास आंदोलन नसेल तर तो दरबारीच नव्हे.

नेमका येथेच आपला आणि यंत्राचा पहिला तंटा झाला. पेटी, म्हणजे हार्मोनियम, आपल्याकडे आली आणि नाटक-कीर्तनापासून मैफलीपर्यंत सर्वत्र शिरली. तिच्याविरुद्ध तक्रारी दोन. तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत ही एक. आणि ती स्वर झुलवू शकत नाही, मींड घेऊ शकत नाही, ही दुसरी. पहिल्या तक्रारीवर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उपाय शोधण्यात आयुष्याची उत्तरावस्था घालविली. हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून त्यांनी श्रुतींची मापे घेतली, १९१० साली त्यांवर पुस्तक लिहिले, आणि क्लेमंट्स नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने बावीस श्रुतींची पेटीही घडविली गेली. ती विद्वानांनी उचलून धरली नाही. तथापि पेन्शनीतला एक मनुष्य आपल्या कानास पटेल असे वाद्य स्वतः घडवू पाहतो, हे चित्र मला फार जवळचे वाटते. दुसरी तक्रार मात्र तशीच राहिली. १९४० साली नभोवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवरून हद्दपार केले, आणि ती बंदी सैल व्हावयास १९७० च्या दशकाचा प्रारंभ उजाडावा लागला.

ही बंदी चालू असतानाच, आणि चित्रपटगीतेही आकाशवाणीच्या दाराबाहेर उभी असताना, मुंबईत एक गोष्ट घडली. १९५४ साली 'नागिन' नावाचा चित्रपट आला. त्याचे संगीत हेमंतकुमारांचे. त्यातील पुंगीच्या सुरावटीने उभा हिंदुस्थान डोलू लागला. पुष्कळांची आजही समजूत आहे की ती गारुड्याच्या पुंगीवर वाजविलेली असावी. वस्तुतः ते सूर कल्याणजी विरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढले होते, आणि रवि यांची पेटी साथीला होती. क्लॅव्हिओलिन १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनविले. एका वेळी एकच स्वर वाजणारे, व्हॉल्व्हवर चालणारे हे लहानसे वाद्य. पण त्याच्या स्वरास कंप देण्याची सोय होती आणि आवाज कमीजास्त करण्यासाठी गुडघ्याने ढकलावयाची दांडी होती. म्हणजे हात पट्टीवर, गुडघा दांडीवर, आणि कंप यंत्राचा. पेटीस जे साधले नाही ते ह्या वाद्याने पुंगीचे सोंग घेऊन साधले. आज आपल्याकडे लग्नाच्या वरातीत तरुण मंडळी तोंडात रुमाल धरून जो नागीण-नाच करतात त्याच्या मुळाशी अस्सल पुंगी नाही, फ्रान्समधल्या व्हॉल्व्हचा कंप आहे, हे त्यांस सांगितले तरी त्यांचा नाच थांबणार नाही आणि थांबूही नये.

वरातीचा विषय निघाला म्हणून बँजोविषयी सांगतो, कारण शिरूर-दौंडकडे पेडलचा प्रवेश त्याच दाराने झाला. आपल्याकडे ज्यास बँजो म्हणतात त्याचा अमेरिकेच्या बँजोशी काही संबंध नाही. १९१२ साली जपानमध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी टायपरायटरच्या कळा पाहून, तारेवर कळा दाबून वाजवावयाचे एक वाद्य काढले: ताइशो-गोतो. तेच हिंदुस्थानात बुलबुल तरंग झाले, आणि महाराष्ट्रात त्याला विजेचा पिकअप बसवून, हातगाडीवर किंवा टेम्पोवर अँप्लिफायर व भोंगे चढवून त्याची 'बँजो पार्टी' झाली. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ह्या वादकांवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही काढला. ह्या वाद्याची अडचण पेटीसारखीच: कळ दाबली की स्वर ठाम, झुलावयाचे नाव नाही. म्हणून बँजोवाल्यांस एको हवा, कंप हवा, आवाज फिरवावयास काही तरी हवे. विलायती पेडल १९९१ पूर्वी मिळणेच दुरापास्त, आणि नंतर मिळू लागले तरी एका हंगामाच्या कमाईत न बसणारे. मग घरीच बनवावयाचे.

घरी बनविण्याची परंपराही आपल्याकडे नवी नव्हती. १९६९ पासून दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक निघू लागले आणि तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानांतून त्याचे अंक धूळ खात, डाखाचे थेंब झेलीत पडलेले दिसू लागले. अमेरिकेत १९७५ साली क्रेग अँडर्टन यांनी वादकांसाठी अशा उपकरणांच्या जुळणीचे एक पुस्तकच लिहिले. इकडे पुस्तक पोचले नाही तरी भाग पोचत. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत आजही रेझिस्टन्स, कंडेन्सर, आयसी, खटके, हवे ते कागदाच्या पुडीत बांधून मिळतात. दौंडच्या मुलाने गाडी धरावी, शिरूरच्या मुलाने एस.टी. धरावी, आणि संध्याकाळी खिशात पुड्या घेऊन परतावे.

माझा भाचा शिरूरला असतो. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, रात्री गिटार वाजवितो, आणि लग्नसराईत मित्रांच्या बँजो पार्टीत जातो. गेल्या दिवाळीस मी बहिणीकडे गेलो तेव्हा त्याने बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "मामा, ह्यात आकाश भरायचंय," म्हणाला. मिएदांची गोष्ट मीच त्याला सांगितली होती, तेव्हा तक्रारीस जागा नव्हती.

त्याचे काम मी चार रात्री शेजारी बसून पाहिले. ॲल्युमिनिअमची तयार पेटी महाग म्हणून पत्र्याचा डबा. पण पत्रा पायाखाली दबतो, म्हणून आतून लाकडाचा तुकडा ठोकलेला. डब्यास तारेने जमिनीचे टोक जोडलेले, जेणेकरून घरातल्या विजेची गुणगुण आत येऊ नये. आत एक एलईडी आणि तिच्यासमोर एक प्रकाशग्राही घटक, दोन्ही एका काळ्या रबरी नळीत समोरासमोर. मिएदांचा दिवा आणि त्याचे शेजारी, इतकेच की दिव्याच्या जागी एलईडी आली. पहिल्या रात्री एलईडीची टोके मीच उलटी धरून दिली होती, आणि दोन तास आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधीत बसलो. दुसऱ्या रात्री आवाज हलू लागला, पण त्याच्यामागे एक बारीक भुणभुण ऐकू येई. दिवा मालवला की ती थांबे! नळीच्या तोंडातून ट्यूबलाइटचा उजेड आत शिरत होता, आणि ट्यूबलाइट सेकंदास शंभर वेळा कमीजास्त होत असल्यामुळे तीही आपल्या परीने गिटार झुलवीत होती. काळी चिकटपट्टी लावली आणि भुणभुण गेली.

ध्वनी उशिरा पोचविण्याचे काम एका तैवानी आयसीकडे. तिचा क्रमांक पीटी २३९९, आणि ती मूळची कराओकेच्या यंत्रांत एको देण्यासाठी केलेली. आवाजाचे आकडे करून ती ते आपल्या स्मरणात ठेवते आणि सुमारे ३० ते ३४० मिलिसेकंदांनी परत देते. किती उशिरा, हे तिच्या सहाव्या पायाशी जोडलेल्या रेझिस्टन्सवर ठरते. त्या जागी तो प्रकाशग्राही घटक बसविला की एलईडीच्या उजेडाबरोबर उशीर कमीजास्त होतो. आणि उशीर घटत असता स्वर चढतो, वाढत असता उतरतो. फलाटावरून जाणारी तीच मेलची शिटी.

एलईडी कशी उजळावी हे सांगणारी दुसरी आयसी आठ पायांची, एटिटायनी ८५ नावाची. तिच्यात आठ किलोबाइट मजकूर मावतो. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे अर्डुइनो नावाची सोपी जुळणी निघाली, तेव्हापासून अशा आयसींना सूचना लिहून देणे शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आले आहे. भाच्याने तीत चौसष्ट आकड्यांची एक यादी लिहिली. आयसी एकेक आकडा वाचते आणि तितका उजेड पाडते; चौसष्ट संपले की पुन्हा पहिल्यापासून. यादी वाचण्याचा वेग बदलला की हेलकाव्याचा वेग बदलतो, आकडे बदलले की हेलकाव्याचा आकार. जुन्या उपकरणांत जो आकार तारांनी कायमचा बांधलेला असे तो आता वहीत लिहिल्यासारखा झाला. मला हा शोध फार मोठा वाटला, आणि मी लगेच मामाच्या अधिकाराने त्याला कामाला लावले: "दरबारीचा गांधार लिहून दाखव."

पोराने खरोखर लिहिला. जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकली, आंदोलन वर किती जाते, खाली किती रेंगाळते याचा अंदाज घेतला, आणि समान झुलणारी यादी खोडून एक वाकडी यादी केली. चढ थोडा, उतार लांब, तळाशी किंचित विसावा. पहिल्या वेळी ऐकले तेव्हा मी चकित झालो. दुसऱ्या वेळी आनंद झाला. चौथ्या वेळी कंटाळा आला. कारण चौथा गांधार हुबेहूब पहिल्यासारखाच होता. कोणताही गवई तसे करीत नाही. मागची तान, पुढची सम, श्रोत्याचा चेहरा, सर्वांप्रमाणे त्याचे आंदोलन निराळे होते. भाचा म्हणाला, "मग मामा, यादीत थोडी गडबड घालू का? आकडे अधूनमधून आपोआप हलतील." मी नको म्हटले. आपोआप हलणारे सिलोनही होतेच की! यावर आमचा बराच वाद झाला आणि त्याचा शेवट झाला नाही.

शेवट केला तो ताशेवाल्याने. पुढच्या आठवड्यात घोडनदीच्या काठी बँजो पार्टीचा सराव होता. भाच्याने मिनिटास १२० मात्रांचा वेग धरून हेलकावा बांधला होता, दर मात्रेस एक. सुरुवात झकास झाली. पण ताशा हा माणसाच्या हातचा. रंग चढला तसा तो १२६ वर गेला. आता हिशेब पाहा: यंत्राच्या दहा मात्रा पाच सेकंदांच्या, ताशाच्या दहा मात्रा पावणेपाच सेकंदांहून किंचित जास्त. दहा मात्रांत जवळजवळ पाव सेकंदाचा, म्हणजे अर्ध्या मात्रेचा फरक. ताशाचा ठोका पडावा आणि गिटार नेमकी त्याच क्षणी दबावी! माथ्यावर खळगा. ताशेवाला काठ्या खाली ठेवून म्हणाला, "दादा, तुमचा डबा माझ्याशी भांडतोय."

त्या रात्री डब्यास आणखी दोन गोष्टी जोडल्या गेल्या. एक पायाने दाबावयाचा खटका: ताशाबरोबर दोनदा पाय आपटला की आयसी त्यातले अंतर मोजते आणि तोच वेग धरते. दुसरी, एका जुन्या शिवणयंत्राच्या पायफळीतून काढलेली बिजागरी आणि तिला जोडलेला फिरता रेझिस्टन्स. फळी दाबली की हेलकाव्याची खोली वाढते, सोडली की स्वर सरळ होतो. वेगाचा उगम ताशात, खोली वादकाच्या पायात, आणि यादीकडे केवळ आकार उरला. मिएदांच्या पायफळीपाशी आम्ही असे वळसा घालून परत आलो. भाच्याने ती वाकडी यादी मात्र खोडली नाही. ती त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या खटक्यावर ठेवली आहे, आणि मी आसपास नसलो की तो तीच वाजवितो असे बहिणीकडून कळते.

वैशाखात दौंड तालुक्यात एका नातलगांकडे लग्न होते. वरात निघाली, पुढे बँजो पार्टीचा टेम्पो. नवऱ्यामुलाच्या मित्रांनी अर्थातच नागीण मागितली. बँजोने सूर धरला, ताशाने लय दिली, आणि भाच्याने टेम्पोच्या फळीवर ठेवलेला तो डबा पायाने चेपला. गिटारचा आवाज मागे सरला, भोंग्यातून पोकळ नळीतल्यासारखा येऊ लागला, मग सावकाश जवळ आला. माझ्या शेजारी बहीण चालत होती. लहानपणच्या त्या बुधवारी तीही आमच्यातच फळीखाली बसलेली असे. ती चालता चालता थांबली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "दादा, सिलोन लागलं की रे."